कृष्णवर्णीय उद्योजकांच्या वेगळ्या व्यापारी संघटना: त्या नेमक्या कशासाठी असाव्यात?

सह्यकडा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या ‘फिअरलेस फंड’ या गुंतवणूक संस्थेने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा ठेवली होती. ही स्पर्धा वंशभेद करते, असा दावा २०२३ मध्ये दाखल झाला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तिला मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. दाव्याला आधार होता १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीने करार करता यावेत म्हणून झालेल्या कायद्याचा. तेव्हापासून एक प्रश्न अधिक जोराने विचारला जातो: कायद्याने सर्व समान असताना कृष्णवर्णीय उद्योजकांची वेगळी संघटना हवीच कशाला?

माझ्या मते ती हवी, कारण धंद्यातली खरी अडवणूक आज कायद्याच्या कलमांत नाही, ती ओळखीपाळखीत आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराचे उदाहरण घ्या. तिथली निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, पण १९७८ ते १९८३ या काळात महापालिकेच्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळाली अवघी ०.६७ टक्के, आणि स्थानिक कंत्राटदारांच्या संघटनांमध्ये कृष्णवर्णीय सभासद जवळपास नव्हतेच. मोठे काम घ्यायचे तर काम पुरे करण्याची हमी एखाद्या हमीदार कंपनीकडून आणावी लागते, ती कंपनी आधी केलेली कामे पाहते, आणि हमी नाही म्हणून ज्याला आधी काम मिळाले नाही तो दाखवणार काय? हे वर्तुळ एकट्याला तोडता येत नाही. निविदा निघण्याआधी तिची खबर पोहोचवणे, हमीदार कंपनीशी गाठ घालून देणे, मोठ्या कंपनीबरोबर भागीदारीत पहिले काम मिळवून देणे, हे संघटनेचे काम आहे.

दीपमाळ

हमीच्या अडचणीचे वर्णन मला मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. रिचमंडने मुख्य कंत्राटदारांवर कामाच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या कंपन्यांकडे वळवण्याची सक्ती केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. संघटनेत सभासद कमी आहेत एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे. हमी न मिळण्याची अडचण भांडवल नसलेल्या प्रत्येक नवख्या कंत्राटदाराला येते, मग तो अॅपलाचियाच्या डोंगरातला गरीब गोरा असो की टेक्सासमधला मेक्सिकन. मग निकष भांडवलाचा, उलाढालीचा किंवा वस्तीच्या उत्पन्नाचा का नसावा? वंशाचा निकष लावला की लाभ त्या समाजातल्या आधीच स्थिरावलेल्यांकडे जातो, आणि कागदावर नामधारी मालक उभा करून मागून दुसऱ्याच कंपनीने काम करण्याचे प्रकारही घडतात. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, १९५० च्या दशकातच बजावले होते की कृष्णवर्णीय उद्योगाच्या बळावर समाजाचा उद्धार होईल ही कल्पना मध्यमवर्गाने जोपासलेली एक मिथ्या समजूत आहे.

अवकाश

दीपमाळ, भांडवलाचा निकष निःपक्षपाती वाटतो, पण ते भांडवल का नाही याचा इतिहास त्यातून गळून पडतो. मुक्त झालेल्या गुलामांची बचत ठेवण्यासाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स बँक निघाली आणि १८७४ मध्ये ती बुडाली. हजारो ठेवीदारांची पुंजी त्यात अडकली. ओक्लाहोमा राज्यातल्या तल्सा शहराच्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीय वस्तीत दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे असा भरभराटीचा बाजार उभा राहिला होता. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने ३५ च्या आसपास चौक जाळले, आणि दंगलीतले नुकसान भरून देणार नाही या कलमावर बोट ठेवून विमा कंपन्यांनी दावे फेटाळले. असे पिढ्यानुपिढ्या घडत गेले तर मुलाच्या हाती तारण ठेवायला घर तरी कुठून असणार?

आणि हा केवळ इतिहास नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, अमेरिकेत व्यवसाय चालू असलेल्या कृष्णवर्णीय मालकांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली, गोऱ्या मालकांची १७ टक्क्यांनी. सरकारने पगार चालू ठेवण्यासाठी कर्जे दिली ती बँकांमार्फत, आणि अनेक बँकांनी आधी आपल्या जुन्या ग्राहकांचे अर्ज घेतले. ज्या केशकर्तनालयाचे किंवा खानावळीचे बँकेत फक्त बचत खाते होते, त्याची पाळी मागे राहिली. अशा वेळी त्याचा अर्ज भरून देणारी आणि त्याला दाराशी उभे करणारी बँक शोधणारी संघटना त्याच्याच वस्तीत असावी लागते.

सह्यकडा

या मागणीमागचा विचार जुना आहे, हेही नोंदवतो. व्यावसायिकांनी ठिकठिकाणी संघ काढावेत असे आवाहन कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या पुढाकाराने भरलेल्या १८९९ च्या अटलांटा परिषदेने केले, आणि पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ व नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बॉस्टनमध्ये ‘नॅशनल नीग्रो बिझनेस लीग’ स्थापन केली. पुढे या दोघांचे टोकाचे मतभेद झाले, पण संघटनेच्या गरजेवर दोघांचे एकमत होते.

पाऊलवाट

त्या लीगचा गौरव करताना १९१२ चे शिकागो अधिवेशन विसरू नये. केशप्रसाधनांच्या व्यवसायात नाव कमावलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांना वॉशिंग्टन बोलायला बोलावीनात. शेवटी त्या स्वतःच उभ्या राहिल्या आणि आपण कापसाच्या शेतापासून इथवर कशा आलो हे त्यांनी सभेला ऐकवले. पुढच्याच वर्षी त्या निमंत्रित वक्त्या होत्या. वगळलेल्यांची संघटनाही आपल्यातल्या काहींना वगळते, म्हणून संघटना वेगळी असावी की नसावी यापेक्षा तिच्या व्यासपीठावर कोण बसते हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दीपमाळ

नेमके हेच माझे म्हणणे आहे, आणि याचा संबंध आपल्याशीही आहे. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे ‘डिक्की’, स्थापन केले; त्यामागच्या विचारात अमेरिकेतील कृष्णवर्णीय भांडवलशाहीचे उदाहरण होते. २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करावी असे ठरले, पण प्रत्यक्ष खरेदी अनेक वर्षे १ टक्क्याच्याही खाली राहिली. मोजक्या यशस्वी उद्योजकांच्या सत्कारांनी हा आकडा हलत नाही.

अवकाश

सत्कारांनी हलत नाही हे खरे, पण तो आकडा दरवर्षी मागून घेणारे कोणी नसेल तर तो उजेडातही येत नाही. अटलांटात १९७३ मध्ये शहराच्या कंत्राटांपैकी एक टक्काही कृष्णवर्णीयांकडे नव्हता. मेनार्ड जॅक्सन महापौर झाल्यावर त्यांनी विमानतळाच्या विस्तारात अल्पसंख्याकांचा २५ टक्के वाटा असावा, असा आग्रह धरला, मोठ्या कंपन्यांना लहान कंपन्यांशी भागीदारी करायला लावली, आणि १९८० मध्ये टर्मिनल सुरू झाले. ही कामे करू शकणाऱ्या कंपन्या कोणत्या आणि त्यांची बिले कुठे अडली, हे सांगणारी माणसे प्रशासनाबाहेर संघटित असल्याशिवाय असा आग्रह टिकत नाही.

दीपमाळ

अटलांटाचे उदाहरण मी मान्य करतो, मात्र तिथे निर्णायक ठरली ती महापौराची सत्ता. संघटनेने सदस्यांची यादी न दाखवता, तिच्यामुळे पहिल्यांदा हमी मिळालेल्या आणि वेळेवर पैसे हाती पडलेल्या कंत्राटदारांची यादी दरवर्षी प्रसिद्ध केली, तर माझा विरोध बराच कमी होईल. अशी यादी कोणत्या चेंबरने काढली असल्यास कृपया इथे द्यावी. मी ती वाचून पुन्हा लिहीन.