स्लॅम पोएट्रीवर खरंच पोट भरतं का? अँड्रिया गिबसनबद्दल विचारायचंय

रानजाई:
मी २२ वर्षांची, क्वीअर (एलजीबीटी समाजातली) आहे, घरात फक्त ताईला माहितीये. कविता लिहिते पण उभं राहून म्हणायला जास्त आवडतं. मागच्या महिन्यात एका ओपन माइकला (कोणीही नाव देऊन कविता म्हणू शकतं असा कार्यक्रम) म्हटली, हात इतके थरथरत होते की मोबाइलवरचं काही वाचताच येईना, शेवटचं कडवं पाठ होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून अँड्रिया गिबसन या अमेरिकन कवीचे व्हिडिओ बघतेय. यांनी कवितेवर करिअर कसं उभं केलं? स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणायची स्पर्धा, जिंकून पैसे मिळतात का?

वाटसरू:
अगं बक्षिसांवर घर चालत नाही. शिकागोत १९८६ ला मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने ग्रीन मिल क्लबात स्लॅम सुरू केलं. साधारण तीन मिनिटं, वाद्य नाही, वेशभूषा नाही, प्रेक्षकांतलेच पाच जण दहापैकी गुण देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सोडायचे आणि उरलेल्या तिघांची बेरीज, म्हणजे फार तर ३०. गिबसन यांनी २००८ मध्ये पहिली विमेन ऑफ द वर्ल्ड पोएट्री स्लॅम जिंकली, पण खरं काम दौऱ्यांचं, गावोगाव जाऊन कविता म्हणायच्या, सोबत स्वतःची पुस्तकं आणि कवितांचे अल्बम, असं वर्षानुवर्षं. आणि थरथरण्याचं म्हणशील तर स्टेजची भीती त्यांनाही होती, भयंकर होती, ते त्यांनी कधी लपवलं नाही.

मीरा_नाशिक:
थोडं अवांतर, पण मला महत्त्वाचं वाटतं. गिबसन इंग्रजीत स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' नाही, तर दे-देम ही स्त्री-पुरुष न ठरवणारी सर्वनामं वापरत. मराठीत 'गेले' लिहू की 'गेल्या', इथे मी दरवेळी अडते. पण 'यांनी कविता म्हटली', 'यांनी पुस्तक लिहिलं' असं लिहिलं की क्रियापद कवितेच्या, पुस्तकाच्या मागे जातं आणि माणसाला स्त्री-पुरुष ठरवावंच लागत नाही. आपल्या भाषेत ही जागा आधीपासून आहे याचा मला फार आनंद झाला.

२०२१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं, दौरे थांबले, तरी लिहिणं सुटलं नाही. २०२३ मध्ये गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी (ते स्वतः गे आहेत) गिबसन यांना अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं राज्यकवीपद दिलं. मेन राज्यातल्या कॅलस या छोट्या गावात जन्मलेलं, बारमध्ये कविता म्हणणारं क्वीअर माणूस राज्याचं कवी झालं! १४ जुलै २०२५ ला निधन झालं, वय ४९. पत्नी मेगन फॅली, त्याही कवी, शेवटपर्यंत सोबत होत्या. बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

वाटसरू:
रानजाई, एक सांगतो, मोबाइल नको. पाठ कर.

रानजाई:
दादा, मीरा ताई, थँक्यू. शुक्रवारी परत नाव दिलंय. रोज भांडी घासताना म्हणतेय, नळ सोडून, म्हणजे बाहेर आईला ऐकू जात नाही. पहिली दोन कडवी पाठ झालीत, ताई येणारे ऐकायला.