ग्राफिक्स कार्ड कोणतं, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की ४०६० (८ जीबी)? नाशिककरांनो, भांडा पण सांगा

सातपूरचा_रेंडरवाला
मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय. आर्किटेक्चरला चौथ्या वर्षाला आहे. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) बंगल्यांचे व्ह्यू करतो, रात्री थोडं गेमिंग, मॉनिटर १०८०पी. मशीन जुनी: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, ४ जीबीचं म्हातारं कार्ड. एमजी रोडच्या दुकानदाराने ४०६० चा धोशा लावलाय. कॉलेजातला सीनियर म्हणतो, ३०६० घे, १२ जीबी आहे. किमतीत दोन-अडीच हजारांचाच फरक निघतोय. नव्या कार्डात मेमरी कमी आणि जुन्यात जास्त, हे उलटं गणितच मला कळेना. कोणाचं ऐकू?

फ्रेम_मोजणारा
डोळे मिटून ४०६०. १०८०पी ला सरासरी पंधरा-वीस टक्के पुढे पळतं, तेही फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमांमध्ये कार्डाने बनवलेल्या जादा फ्रेम घुसवणं) बंद ठेवून. आणि ११५ वॅटमध्ये! ३०६० ला १७० वॅट लागतात. कुडा कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, ३०६० मध्येच जास्त आहेत, ३५८४ विरुद्ध ३०७२, तरी मागे पडतं. कारण ४०६० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे लोडवर चालण्याचा वेग, २४६० मेगाहर्ट्झ आणि ३०६० चा १७७७. एक २०२१ चं, दुसरं २०२३ चं, मधल्या दोन वर्षांत चिप बनवायची पद्धतच बदलली. वर एव्ही१ एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवायला) मिळतो तो वेगळा. १२ जीबी बघून भुलू नकोस.

गंगापूररोड_काका
आधी पोराला उलट्या गणिताचं उत्तर तरी द्या. मेमरीचा आकडा कंपनी मनाला येईल तसा ठेवू शकत नाही, तो बसवर, म्हणजे चिप आणि मेमरीमधल्या वाटेच्या रुंदीवर ठरतो. जीडीडीआर६ (कार्डावरची मेमरी) ची एक चिप ३२ बिटची वाट घेते. ३०६० ची बस १९२ बिट, म्हणजे सहा चिपा. चिप १ जीबीची किंवा २ जीबीची, म्हणजे एकूण ६ नाहीतर १२. सहा फारच तोकडी पडली असती, म्हणून १२ आली. ४०६० ची बस १२८ बिटवर आणली, चिपा चारच, म्हणून ८. म्हणजे १२ जीबी हा काही कुणाचा उदारपणा नाही. पण मिळतेय तर सोडायची कशाला? बँडविड्थही, म्हणजे मेमरीतून माहिती येण्याचा वेगही बघ, सेकंदाला ३६० जीबी विरुद्ध २७२.

फ्रेम_मोजणारा
काका, कॅशे सोयीस्करपणे विसरलात. ४०६० मध्ये एल२ कॅशे, म्हणजे चिपमधलीच छोटी झटपट मेमरी, २४ एमबी, ३०६० मध्ये ३. निम्म्या वेळा मेमरीकडे जावंच लागत नाही, मग बस अरुंद असली तर काय बिघडलं?

गंगापूररोड_काका
गेममध्ये काही नाही बिघडत, मान्य. पण कॅशे बँडविड्थची उणीव झाकते, जागेची नाही. ९ जीबीचा सीन ८ जीबीत बसवून दाखव. मग सिस्टिमच्या रॅममधून ओढाताण सुरू, नाहीतर सरळ ‘आउट ऑफ मेमरी’. त्या वेळी तुझ्या वीस टक्क्यांचं लोणचं घाल.

इंदिरानगर_व्हिज
मी पोटापाण्यासाठी हेच करते, आणि ८ जीबीवर करते. काकांचं तत्त्व बरोबर, पण ९ जीबी होतात कशाने ते बघा ना. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं रंगीत टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, डिस्कवर पाच एमबीची जेपीजी दिसतं, कार्डात उलगडलं की साधारण ६४ एमबी. तेच २०४८ चं केलं की १६. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला, जी चित्रात बोटभर दिसणार, तिला ४के कशाला? दिंडोरी बाजूच्या एका फार्महाऊसचं काम होतं, भोवती द्राक्षबाग. आधीच्या मुलाने प्रत्येक वेल शिफ्ट-डीने कॉपी केलेला, फाइल उघडायलाच चहा पिऊन यावं लागायचं. ऑल्ट-डीने लिंक करून पुन्हा लावले, तर सगळ्या बागेला एकाच वेलाच्या मेशची (थ्रीडी आकाराची) मेमरी पुरली. सीन बसत असेल तर सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ४०६० झकास पळतं.

गंगापूररोड_काका
ताई, तुमचा हात बसलाय. हा पोरगा सबमिशनच्या आदल्या रात्री, साइटवरून उतरवलेली फुकटची झाडं सीनमध्ये टाकत असणार. तेव्हा टेक्स्चर कोण तपासतं?

सातपूरचा_रेंडरवाला
काका, तुम्ही माझ्या रूमवर येऊन गेलात काय? 😅

अंबड_आयटीआय
विजेवरून उगाच पाल्हाळ नको. ५५ वॅटचा फरक, रोज चार तास फुल लोड धरला तर महिन्याला साडेसहा युनिट. युनिटला दहा रुपये धरा, ६५ रुपये. मिसळीच्या एका प्लेटवरून कार्ड ठरवणार का? हां, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ५५ वॅटची उष्णता जाणवते, ते मानतो. पॉवर सप्लाय दोन्हींना कंपनी ५५० चाच सांगते, तो प्रश्न मिटला.

खरी मेख कोणी बोललंच नाही. बी४५० म्हणजे पीसीआय एक्सप्रेस (कार्ड बोर्डाला जोडणारी वाट) ३.०. ४०६० स्लॉटच्या आठच लेन वापरतं, ३०६० सोळा. ४.० च्या बोर्डावर आठ लेन पुरतात, याच्या बोर्डावर वेग निम्मा, सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ३०६० ला त्याच बोर्डावर १६.

फ्रेम_मोजणारा
मेमरीत बसणाऱ्या गेमला त्याने दोन-चार फ्रेम जातील, बस्स.

अंबड_आयटीआय
बसणाऱ्या गेमला. न बसणाऱ्याला तीच वाट वापरावी लागते, आणि ती याच्याकडे अर्धी आहे. २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांचे काय हाल झाले, आठवतात ना? नंतर पॅच आले, पण दर वेळी पॅचची वाट बघत बसायची का? आणि तुझं ते फ्रेम जनरेशन, तेही स्वतःसाठी वर थोडी मेमरी मागतं. डीएलएसएसचं अपस्केलिंग (छोटं चित्र मोठं करणं) तर ३०६० वरही चालतं.

पंचवटी_पीसी
दोन्ही सोडा, ५०६० घ्या.

गंगापूररोड_काका
त्यातही ८ च. वाचून लिहीत जा रे.

इंदिरानगर_व्हिज
सातपूरवाल्या, वाद राहू दे, मोजून बघ. तुझा सगळ्यात जड सीन सीपीयूवर रेंडर कर आणि वरच्या पट्टीत पीक (कमाल) मेमरी किती येते ते सांग. मग ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चर लिमिट २०४८ करून पुन्हा.

सातपूरचा_रेंडरवाला
केलं. आहे तसा ९.४ जीबी. लिमिट लावून ५.९.

गंगापूररोड_काका
म्हणजे १२.

फ्रेम_मोजणारा
म्हणजे ८!! लिमिट लावलं की संपलं.

सातपूरचा_रेंडरवाला
लिमिट लावल्यावर समोरच्या बेसॉल्टच्या भिंतीचा पोत गेला. आमचे सर ए१ शीटला नाक लावून बघतात, आणि त्या भिंतीवरच माझं अर्धं डिझाइन उभंय. गेमिंग काय, मीडियम सेटिंगवरही चालेल. ३०६० घेतोय.

अंबड_आयटीआय
घे, पण बॉक्स नीट बघ. ३०६० नावाचंच ८ जीबीचंही कार्ड २०२२ मध्ये आलंय, १२८ बिटचं, बरंच हळू. दुकानात तेच काढून ठेवलं असेल तर तुला दोन्हीकडून मार. बिलावर १२ जीबी लिहून घे.

फ्रेम_मोजणारा
आणि कोणी स्वस्तात वापरलेलं देत असेल तर क्रिप्टो मायनिंगला जुंपलेलं होतं का ते विचार. मी अजून ४०६० वरच आहे, नोंद घ्यावी.