साखर आटोक्यात येते आणि मग पथ्य सुटतं, टिकवायचं कसं?

निशिगंध:
टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की पहिले दोन-तीन महिने चालणं, पथ्य सगळं जोरात चालतं. एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) उतरतो आणि मग हळूहळू सैल पडतं. त्यात उपाशीपोटीची साखर १३५-१४० वर अडून बसली की ‘एवढं करून उपयोग काय’ असं वाटू लागतं. या टप्प्यावर नेमकं काय करावं? ‘मनावर घ्या’ यापलीकडचं सांगा.

पायवाट:
रोजचा उत्साह उपाशीपोटीच्या आकड्यावर अवलंबून ठेवू नका. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात, त्यामुळे यकृत रक्तात ग्लुकोज सोडतं. त्यामुळे रात्री बेताचं जेवूनही सकाळचा आकडा चढा येऊ शकतो. एचबीए१सी तर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. आज केलेलं आज दिसेल असं काहीतरी हवं.

त्यासाठी जोडीने मोजा: पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून (जेवण संपल्यापासून नव्हे) २ तासांनी पुन्हा. एकच जेवण निवडा. एक दिवस ते नेहमीसारखं घ्या. दुसऱ्या दिवशी तेच, तेवढंच, पण भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखं, पण लगेच १५ मिनिटं चालून. दोन आकड्यांमधली वाढ लिहून ठेवा. कुठली गोष्ट आपल्याला लागू पडते ते कळलं की तेवढीच धरून ठेवणं सोपं जातं, दहा नियम एकदम पाळावे लागत नाहीत.

मोजण्याआधी हात धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागला असेल तरी आकडा फुगतो. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक येऊ शकतो, तेव्हा १० अंकांच्या चढउतारावरून काही ठरवू नका, प्रयोग दोन-तीनदा करा.

घडीव:
व्यायामाबद्दल एवढंच. आठवड्याला १५० मिनिटं हे लक्ष्य ठीक, पण टिकण्यासाठी दुसरा नियम जास्त कामाचा: सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो साधारण १ ते ३ दिवस टिकतो, मग ओसरतो. वाईट दिवसासाठी किमान माप आधीच ठरवा, उदाहरणार्थ जेवणानंतर १० मिनिटं. ‘४५ मिनिटं नाहीतर काहीच नाही’ असं ठरवणाऱ्यांचंच आधी सुटतं.

निशिगंध:
नियमित चालूनही मध्येच थरथर, घाम येतो आणि मग भीतीने जास्त खाल्लं जातं. हेही होतं ना?

साधाहिशेब:
होतं, आणि हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, औषधाच्या मात्रेचा असू शकतो. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातली (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वजन उतरलं, जेवण कमी झालं, चालणं वाढलं, तर जुनी मात्रा जास्त ठरते. थरथर सुटली की आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून खालीच असेल तर तेवढंच परत. मोजता येत नसेल तर वाट न पाहता ग्लुकोज घ्या. तारीख-वेळेसह नोंद डॉक्टरांना दाखवा आणि मात्रा कमी करायची का ते विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

उलटही घडतं. सगळं नीट पाळूनही काही आठवडे आकडे चढतच राहिले, तर स्वतःला दोष देण्याआधी अपुरी झोप, एखादा संसर्ग, स्टेरॉइडचं औषध हे तपासा. काळानुसार स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकदही घटते. तेव्हा एक गोळी वाढली म्हणजे पथ्य वाया गेलं, असं समजून ते सोडू नका. पथ्य आणि चालणं थांबलं असतं तर साखर आणखी वर गेली असती.