मदत हवी आहे: काढलेली ॲप्स दोन-तीन दिवसांत परत येतात, फॉरमॅट न मारता कायमची कशी घालवायची?

कसबा_बावडा

घरात तीन अँड्रॉइड फोन आहेत, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

आईचा फोन: अँड्रॉइड १३, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, त्यातली जेमतेम २ जीबी शिल्लक. गेम आणि खरेदीची ॲप्स आपोआप येतात. काढली की दोन-तीन दिवसांत परत हजर. दूध संस्थेचा मेसेज आला असेल म्हणून ती फोन उचलते आणि समोर कुठल्यातरी गेमची नोटिफिकेशन असते.

बाबांचा फोन: कोणतंही ॲप न उघडता मध्येच अख्ख्या स्क्रीनवर जाहिरात येते.

माझा फोन: काही ॲप्सना 'अनइन्स्टॉल' हे बटणच नाही, नुसतं 'डिसेबल'. काहींचं तेही करड्या रंगात, दाबलं जात नाही.

राजारामपुरीत एका दुकानात विचारलं, तर "फॉरमॅट मारूया" एवढंच उत्तर मिळालं. फोनमध्ये बँकेची ॲप्स आणि यूपीआय असल्यामुळे ते टाळायचं आहे. विंडोजचा लॅपटॉप आहे, केबल आहे. कुठून सुरुवात करू?

रंकाळा_कट्टा

भावा, फॉरमॅटच्या नादाला लागू नकोस. फॅक्टरी रीसेटने कंपनीने भरलेली सगळी ॲप्स पहिल्या दिवसासारखी परत येतात. वर सेटअप करताना 'शिफारस केलेली ॲप्स' असं पान येतं, तिथे बऱ्याच फोनांत टिका आधीच मारलेल्या असतात. घाईत 'पुढे' दाबलं की पुन्हा दहा-पंधरा ॲप्स आत.

आईच्या फोनमध्ये तू गेम काढतोयस, पण गेम आणणारा आतच बसलाय. आधी त्याला शोध. परत आलेल्या एखाद्या ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धर, 'ॲप इन्फो' उघड आणि पार तळाशी जा. तिथे 'ॲप डिटेल्स' खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे ॲप कुठून इन्स्टॉल झालं. 'गूगल प्ले स्टोअर' असेल तर ते बहुधा कोणाच्या तरी बोटाने आलंय. दुसरंच नाव असेल, म्हणजे कंपनीचं स्वतःचं ॲप स्टोअर किंवा कधी न ऐकलेली एखादी सर्व्हिस, तर चोर सापडला. त्या नावाचं ॲप बंद केल्याशिवाय कितीही गेम काढलेस तरी ते येतच राहणार.

गूळ_मार्केट

वरचं उत्तर बरोबर आहे. कंपनीप्रमाणे जागा वेगळ्या असतात, त्या लिहितो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाका.

शाओमी, रेडमी, पोको: 'गेटॲप्स' (कंपनीचं ॲप स्टोअर) उघडून त्याच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन आणि शिफारशी बंद करा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी', त्यात 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन', तिथे 'एमएसए' नावाची सर्व्हिस. जाहिराती पुरवणारी हीच. बंद करताना १० सेकंदांची उलटमोजणी होते आणि पुष्कळदा 'रिव्होक करता आलं नाही' असा संदेश येतो. नेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा करायचं, तीन-चार खेपांत होतं. पहिल्या अपयशाला लोक सोडून देतात आणि जाहिराती तशाच राहतात.

ओप्पो, रिअलमी, विवो: होम स्क्रीनवरचे 'हॉट ॲप्स', 'हॉट गेम्स' हे फोल्डर नुसते हलवून जात नाहीत. फोल्डर उघडून कोपऱ्यातले तीन ठिपके किंवा सेटिंगचं चिन्ह दाबून शिफारशी बंद कराव्या लागतात. सोबत कंपनीच्या ॲप स्टोअरच्या नोटिफिकेशनही बंद करा.

सॅमसंग: काही एम आणि ए मालिकेतल्या फोनांत 'ॲपक्लाउड' नावाचं ॲप असतं. होम स्क्रीनवर त्याचं चिन्ह नसतं. ॲप्सच्या यादीत शोधून 'डिसेबल' करा. 'गॅलेक्सी स्टोअर'च्या जाहिरातवजा सूचनाही बंद करा.

लॉक स्क्रीनवर बातम्या आणि फोटो फिरत असतील तर ते 'ग्लान्स'. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये त्याला स्वतंत्र बटण आहे.

एवढं झाल्यावर मग गेम काढायला घ्या. आधी काढले तर काम दुप्पट होतं.

कसबा_बावडा

आईच्या फोनमध्ये 'ॲप डिटेल्स' खाली खरंच कंपनीच्या ॲप स्टोअरचं नाव निघालं. ते आणि शिफारशी बंद केल्या, मग ११ ॲप्स काढली. आता बाबांच्या फोनचं सांगा. जाहिरात कुठून येते ते ओळखायचं कसं?

पंचगंगा_घाट

जाहिरात स्क्रीनवर असतानाच ती बंद न करता 'रीसेंट्स' बटण दाबा, म्हणजे उघडलेल्या ॲप्सची पानं दिसतात ते. जाहिरातीच्या पानावर वर छोटं चिन्ह असतं. ते दाबलं किंवा दाबून धरलं की 'ॲप इन्फो' निघतं. तेच दोषी. टॉर्च, फोटो एडिटर, फाइल साफ करणारी 'क्लीनर' ॲप्स आणि 'बॅटरी वाचवणारी' ॲप्स यांतून हा प्रकार फार होतो.

चिन्ह पांढरं किंवा रिकामं असेल तर 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. आज कोणतं ॲप किती मिनिटं समोर होतं ते तिथे दिसतं. कधी न उघडलेलं ॲप त्या यादीत असेल तर तेच. शिवाय सेटिंग्जमध्ये 'स्पेशल ॲप ॲक्सेस', त्यात 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' बघा. दुसऱ्या ॲपवर चढून बसण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते कळेल. कॉलर ओळखणारं ॲप किंवा मेसेंजर तिथे असणं ठीक. वॉलपेपरच्या ॲपला तिथे काय काम?

कसबा_बावडा

रिकामं चिन्ह असलेलंच निघालं. नावही नाही, नुसती मोकळी जागा. 'अनइन्स्टॉल' करड्या रंगात आहे. घरी विचारल्यावर कळलं की ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किसान योजनेच्या नावाने एक फाइल आली होती, ती बाबांनी इन्स्टॉल केली होती.

पंचगंगा_घाट

मग हे साधं जाहिरातीचं ॲप नाही. पुढचं वाचायच्या आधी तो फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना बघा.

नावाच्या शेवटी 'एपीके' असलेल्या या फायली कधी योजनेच्या, कधी आरटीओ चलनाच्या, कधी लग्नपत्रिकेच्या नावाने फिरतात. आत गेल्यावर एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात, आलेले ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवतात आणि स्वतःचं चिन्ह लपवतात. 'अनइन्स्टॉल' करडं असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ॲपने 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार घेतलेला असतो. तो काढल्याशिवाय अँड्रॉइड ते ॲप काढू देत नाही. याच क्रमाने जा:

आधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधून त्या रिकाम्या नावापुढची टिक काढा. मग 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'डाउनलोडेड ॲप्स' खाली ते असेल तर बंद करा. ही परवानगी सगळ्यात घातक, कारण तिच्या जोरावर ॲप स्वतःच स्क्रीनवरची बटणं दाबू शकतं. तुम्ही सेटिंग उघडताच पान आपोआप मागे जात असेल तर कारण हेच. तसं झालं तर पॉवर मेन्यूतलं 'पॉवर ऑफ' दाबून धरून फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून तिथे हे काम निवांत करता येतं. त्यानंतर 'नोटिफिकेशन ॲक्सेस' आणि 'डिफॉल्ट एसएमएस ॲप' तपासा. मग अनइन्स्टॉल. डाउनलोड फोल्डरमधली आणि व्हॉट्सॲपमधली मूळ फाइलही पुसा, नाहीतर चुकून पुन्हा बोट लागतं.

तोवर दुसऱ्या, धडधाकट फोनवरून बँकेला फोन करा, नेट बँकिंगचा आणि जीमेलचा पासवर्ड बदला. ॲप निघाल्यावर एअरप्लेन मोड काढून यूपीआय पिन बदला. डायल पॅडवर *#२१# लावून कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का बघा. वळवले असतील तर ##००२# ने सगळे रद्द होतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी डिव्हाइस बाहेर काढा. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट'चा स्कॅन करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले तरच हाती लागतात.

आणि त्या ग्रुपवर आजच लिहा. ती फाइल आणखी कोणी उघडली असेल.

कसबा_बावडा

ॲडमिनची टिक काढल्यावर निघालं. पैसे गेलेले नाहीत, बँकेला कळवलंय, ग्रुपवरही लिहिलं. कॉल वळवलेले नव्हते.

आता माझा फोन. 'डिसेबल'ही करडं असलेल्या ॲप्सचं काय करायचं?

शाहूपुरी_३री_गल्ली

लॅपटॉप आहे म्हणून एडीबीने करा, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फोनला कमांड देण्याच्या गूगलच्या साधनाने. एक गोष्ट आधीच सांगतो: यात ॲप फक्त तुमच्या यूजरपुरतं काढलं जातं. मूळ प्रत सिस्टिमच्या भागात तशीच राहते. तिची जागा मोकळी होत नाही, अपडेटने आणि डेटाने खाल्लेली तेवढी होते. पण मूळ प्रत शिल्लक असल्यामुळेच चूक झाली तर परत आणता येतं.

'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा. शाओमीत त्याऐवजी 'एमआययूआय व्हर्जन' किंवा 'ओएस व्हर्जन'वर. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील, त्यात 'यूएसबी डीबगिंग' सुरू करा. सॅमसंगमध्ये हे करडं दिसलं तर 'ऑटो ब्लॉकर' बंद करावं लागतं, काम झालं की पुन्हा सुरू करा. लॅपटॉपवर गूगलचं 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवून झिप उलगडा आणि त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि अंक वापरा:

एडीबी डिव्हाइसेस

फोनचा सीरियल नंबर आणि पुढे 'डिव्हाइस' दिसायला हवं. 'अनऑथराइज्ड' दिसलं तर फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट आलेली असते, तिथे 'अलाऊ' करा. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदला. चार्जरसोबतच्या कित्येक स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, नुसती चार्जिंग होते. मग लॅपटॉपमधल्या यूएसबी ड्रायव्हरकडे बघा.

एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --यूजर ० पॅकेजचं नाव

'पॅकेजचं नाव' म्हणजे ॲपचं सिस्टिममधलं नाव, खाली फेसबुकची दिलीत तसं. बऱ्याच ठिकाणी याच कमांडमध्ये 'डॅश के' घातलेलं दिसेल. त्याने ॲपचा डेटा मागे राहतो. जागा हवी असेल तर घालू नका. परत आणायची कमांड आधीच वहीत लिहून ठेवा:

एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग पॅकेजचं नाव

फेसबुक काढूनही मागे उरतं, अशी तक्रार पुष्कळ जणांची असते. कारण त्याची सोबतची तीन पॅकेजं असतात: कॉम.फेसबुक.ॲपमॅनेजर, कॉम.फेसबुक.सर्व्हिसेस आणि कॉम.फेसबुक.सिस्टिम. तिन्ही काढली तरी फोनला काही होत नाही.

गूळ_मार्केट

कशाला हात लावू नये तेही लिहून ठेवतो, कारण फोन अडकतात ते इथेच.

शाओमीत 'फाइंड डिव्हाइस' आणि 'सिक्युरिटी' ही दोन काढू नका. ती काढल्यावर फोन सुरू होताना लोगोवरच फिरत बसल्याची उदाहरणं आहेत, आणि मग रीसेटशिवाय मार्ग राहत नाही. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' सोडून द्या. वेबव्ह्यू दिसायला फालतू वाटतं, पण असंख्य ॲप्स आतली पानं त्याच्यामार्फत दाखवतात. मार्च २०२१ मध्ये त्याचं एक बिघडलेलं अपडेट आलं तेव्हा जगभर ॲप्स उघडताक्षणी बंद पडत होती. कंपनीचा कीबोर्ड काढायचा असेल तर आधी दुसरा बसवून, एकदा फोन रीस्टार्ट करून, लॉक स्क्रीनवर पासवर्ड टाइप होतो का बघा. लाँचरचं, म्हणजे होम स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपचंही तसंच.

एका वेळी तीन-चार ॲप्स काढा, रीस्टार्ट करा, दिवसभर वापरा. वीस एकदम काढली आणि काही बिघडलं तर कशामुळे ते शोधता येत नाही.

लॅपटॉप नसलेल्यांसाठी: अँड्रॉइड ११ पासून 'वायरलेस डीबगिंग' आहे. 'शिझुकू' हे ॲप त्यावर सहा अंकी कोडने जोडून 'कँटा' या ॲपमधून हेच करता येतं. फोन रीस्टार्ट झाला की शिझुकू सहसा पुन्हा सुरू करावं लागतं.

रंकाळा_कट्टा

फोन हप्त्यावर घेतलाय का? फायनान्सचं लॉक असलेलं ॲप असेल तर त्याला एडीबी लावू नकोस. ते फोनवर मालकाइतका अधिकार देऊनच बसवलेलं असतं, हप्ते फिटेपर्यंत निघत नाही, रीसेटनेही नाही. हप्ते संपले असतील तर एनओसी घेऊन फायनान्सवाल्यांकडूनच काढून घे, ते त्यांच्या बाजूने काढतात.

कसबा_बावडा

फोन रोखीने घेतलाय. सात ॲप्स काढली, रीस्टार्ट करून बघितलं, ठीक आहे. दोन अडचणी: एका पॅकेजला 'फेल्युअर, नॉट इन्स्टॉल्ड फॉर ०' येतंय, आणि बँकेचं ॲप उघडायला नकार देतंय.

शाहूपुरी_३री_गल्ली

पहिल्याचा अर्थ, त्या नावाचं पॅकेज तुमच्या यूजरकडे नाहीच. एकतर आधीच निघालंय, नाहीतर नावात एखादं अक्षर चुकलंय. 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस' ने यादी काढून तिथून नाव कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

दुसरं डीबगिंगमुळे. काही बँकांची ॲप्स ते चालू दिसलं की उघडत नाहीत. 'डेव्हलपर ऑप्शन्स' पूर्ण बंद करून फोन रीस्टार्ट करा, चालू होईल. आणि काढलेल्या सातही पॅकेजांची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. अँड्रॉइडची मोठी आवृत्ती आली की त्यातली काही परत उगवतात, तेव्हा तीच यादी पुन्हा चालवायची.

कसबा_बावडा

बँकेचं ॲप उघडलं. यादी फाइलमध्ये ठेवली. आईच्या फोनला आज चौथा दिवस, एकही ॲप परत आलेलं नाही.