पॅकर्सची स्पेशल टीम्स नव्याने उभी करायची तर सुरुवात कुठून?

मीरा_मिलवॉकी

नमस्कार मंडळी. नवरा लग्नाआधीपासून पॅकर्सवाला (ग्रीन बेचा अमेरिकन फुटबॉल संघ), त्याच्या नादाने मी लागले. स्पेशल टीम्स म्हणजे किक मारायला, अडवायला आणि परत आणायला मैदानात उतरणाऱ्या तुकड्या, त्यांच्याबद्दलच विचारतेय. आता तो वैतागून सामना अर्धवट सोडून उठतो आणि मी शेवटपर्यंत बसते, अशी घरातली परिस्थिती.

२२ जानेवारी २०२२ची रात्र इथे कुणाला आठवून द्यायला नको. आपल्या लॅम्बो मैदानावर बर्फ, फोर्टीनायनर्सविरुद्ध आपण १०-३ने पुढे, शेवटची पाच मिनिटं. त्यांच्या जॉर्डन विलिसने आपला पंट (बॉल समोरच्यांना देताना मारलेली लांब किक) अडवला, हुफांगाने बॉल उचलून टचडाउन (बॉल गोल लाइनपलीकडे नेऊन सहा गुण) केला. मग त्यांच्या गूल्डची ४५ यार्डांची किक, आणि ती अडवायला आपले दहाच जण मैदानात! १३-१० हरलो. फोर्टीनायनर्सच्या ऑफेन्सला त्या दिवशी एकही टचडाउन करता आला नव्हता, हे जास्त लागलं.

त्यानंतर स्पेशल टीम्सचा कोच बदलला, रिच बिसाचिया आले. मध्ये बरे दिवसही आले. आणि सप्टेंबर २०२५मध्ये क्लीव्हलंडला शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांनी आपला फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) अडवला, मग स्वतःचा ५५ यार्डांवरून मारला, परत १३-१०ने हरलो.

तर प्रश्न असा: उद्या कुणी तुमच्या हातात कारभार दिला, तर आधी काय बदलाल? आमच्याकडे सगळ्यांचं एकमत आहे, 'किकर बदला'. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

---

लॅम्बो_वारकरी

किकरच. आपला किकर अँडर्स कार्लसन, २०२३. नियमित हंगामात पाच एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका गुणाची किक) हुकवले, आणि जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत २१-१७ने पुढे असताना ४१ यार्डांची किक बाहेर. २४-२१ हरलो. यात शोधायचं काय आहे अजून?

---

चौथा_डाउन

मीराताई, तुमची शंका रास्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

मुलगा शाळेच्या टीममध्ये लाँग स्नॅपर आहे, म्हणजे किकसाठी पायांमधून बॉल मागे फेकणारा (त्या फेकीला स्नॅप म्हणतात). सरावाला मी बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभा असतो, कारण ते काम दुसऱ्या कुठल्याच पालकाला नको होतं. त्या सवयीने टीव्हीवरसुद्धा मला बॉल उडाल्यानंतरचं कमी आणि उडण्याआधीचं जास्त दिसतं.

आधी किकरचं बघू. कार्लसनच्या आधीचा मेसन क्रॉसबी, २०२०मध्ये फील्ड गोल १६पैकी १६. २०२१मध्ये ३४पैकी २५. २०२२मध्ये, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन अडतिशीला टेकलेला असताना, २९पैकी २५. माणूस तोच, पाय तोच. मग २०२१मध्ये काय झालं? होल्डर (किकसाठी बॉल जमिनीवर धरणारा) नवा आला आणि हंगामाच्या मध्यावर लाँग स्नॅपरही बदलला. स्नॅप सुटल्यापासून पाय बॉलला लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद. तेवढ्यात स्नॅप सात-आठ यार्ड मागे यायचा, होल्डरने झेलायचा, टेकवायचा, शिवण किकरच्या विरुद्ध दिशेला फिरवायची. शिवण थोडी आड राहिली, बॉल वीतभर इकडे टेकला, की किकरचं पाऊल अडखळतं आणि आपण सोफ्यावरून किकरच्या नावाने खडे फोडतो. २०२२मध्ये पॅट ओ'डॉनेल पंटर म्हणून आणला, आणि होल्डरही तोच, तेव्हा बातम्या पंटिंगच्या आल्या. माझ्या मते त्याला आणण्यातला निम्मा फायदा होल्डिंगचा होता.

वारकरीबुवा, कार्लसन हुकला हे मान्यच. पण ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) सहाव्या फेरीतला नवखा पोरगा घेतला की पहिल्या वर्षी हे होणार, हे घेणाऱ्यांनाही माहीत असतं.

तरीही माझं उत्तर होल्डर नाही. माझं उत्तर आहे रोस्टरचा, म्हणजे संघाच्या खेळाडूंच्या यादीचा, तळ.

हिशेब करून बघा. रोस्टर ५३चा. त्यातले सामन्याच्या दिवशी आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन धरून ४८ जण खेळायला उपलब्ध. किकर, पंटर, लाँग स्नॅपर काढा, उरले ४५. ऑफेन्स-डिफेन्सचे २२ स्टार्टर (पहिल्या पसंतीचे) काढा, उरले २३. राखीव क्वार्टरबॅक किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या किकवर) धावणार नाही. राखीव ऑफेन्सिव्ह लाइनमन फील्ड गोलला उभे राहतील, पण पन्नास यार्ड पळून कुणाला पाडणार नाहीत. तीनशे पौंडी डिफेन्सिव्ह टॅकलचंही तेच. खाली हाताशी राहतात पंधराएक जण: चौथा-पाचवा लाइनबॅकर, तिसरा सेफ्टी, पाचवा कॉर्नर, तिसरा टाइट एंड, शेवटचा रनिंग बॅक. किकऑफ, किकऑफ रिटर्न (आलेली किक झेलून परत पळणं), पंट, पंट रिटर्न ही चारही युनिट्स याच मंडळींच्या जिवावर चालतात.

ऑक्टोबरात एक कॉर्नरबॅक जायबंदी झाला असं धरा. पाचवा कॉर्नर चौथा होतो, डिफेन्समध्ये चाळीस स्नॅप (म्हणजे चाळीस डाव) खेळतो. तोच तुमचा पंटवरचा गनर (कडेने पळत जाऊन बॉल घेणाऱ्याला पाडणारा) होता. आता कडेला नवा माणूस, ज्याला त्या पंटरचा बॉल किती उंच जातो, किती वेळ हवेत राहतो याचा अंदाज नाही. बातमीत येतं 'कॉर्नरबॅक दोन आठवडे बाहेर'. पंट युनिट मोडलं हे कुठेच येत नाही.

म्हणून बिसाचियांनी २०२२मध्ये केलेलं मला आवडलं होतं. रेडर्स या स्वतःच्या जुन्या संघातून त्यांनी डॅलिन लेविट आणि किशॉन निक्सन आणले, रूडी फोर्ड आला, हंगाम सुरू झाल्यावर सेंट्स संघाच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधून (सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंमधून) एरिक विल्सन उचलला. यातलं एकही नाव ऐकून कुणी जर्सी विकत घ्यायला धावलं नसेल. पण यातल्या प्रत्येकाने आधी कव्हरेजमध्ये (किकमागे पळून रिटर्नरला पाडण्याच्या कामात) धूळ खाल्लेली होती. रिटर्नला आधी अमारी रॉजर्स होता, तिसऱ्या फेरीचा पिक म्हणून त्याला महिनोन्महिने सांभाळलं, हातातून बॉल सुटत राहिले, शेवटी नोव्हेंबरात सोडला. निक्सनला संधी मिळाली आणि त्याने १ जानेवारी २०२३ला वायकिंग्जविरुद्ध किकऑफ परत आणून १०५ यार्डांचा टचडाउन केला. त्या हंगामात ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात निवड), पुढच्या हंगामात परत.

आता दुसरी बाजू. २०१८मध्ये रॉन झूक, २०१९-२० शॉन मेनेंगा, २०२१ मॉरिस ड्रेटन, २०२२ बिसाचिया. पाच हंगामांत चार कोऑर्डिनेटर (स्पेशल टीम्सचे प्रमुख कोच). प्रत्येकाची पंट प्रोटेक्शनची (पंटरला वाचवण्याची) भाषा वेगळी, कुणाला कुणी धरायचं त्याचे नियम वेगळे. पत्रकार रिक गॉसेलिन यांच्या स्पेशल टीम्सच्या वार्षिक यादीत २०२१मध्ये आपण ३२पैकी ३२वे होतो. त्याचं सगळं खापर एकट्या ड्रेटनवर फोडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

---

सॅनडिएगो_सोडलेला

चौथा_डाउन यांना +१. आमचं दुःख ऐका, तुमचं हलकं होईल.

२०१०चे आमचे सॅन डिएगो चार्जर्स. यार्डांच्या हिशेबात ऑफेन्स लीगमध्ये पहिला, डिफेन्सही पहिला. ९-७, प्लेऑफ नाही. तिसऱ्याच आठवड्यात सिएटलमध्ये लिऑन वॉशिंग्टनने आमच्यावर दोन किकऑफ परत आणले, १०१ आणि ९९ यार्ड. हरलो २७-२०. त्या दोन टचडाउनचे चौदा काढून बघा. पंट ब्लॉक झाले ते आणखी वेगळेच.

आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीला कोण आलं? हेच बिसाचिया! तेव्हापासून मला हा माणूस आग लागल्यावर येणारा बंब वाटतो.

---

मीरा_मिलवॉकी

चौथा_डाउन, खूप आभार. तुमचा पंधरा जणांचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला "मग स्टार्टर का नाही वापरत?" शिवाय किकऑफचा नियम बदलल्यापासून मला त्यात नक्की कोण चांगलं खेळलं तेच कळत नाही. सगळे पुतळ्यासारखे उभे, मग एकदम गर्दी.

---

चौथा_डाउन

तुमच्या यजमानांचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो विचारायचा हेड कोचला. कोऑर्डिनेटर मागतो, देतो हेड कोच. स्टार्टर सेफ्टी पंट कव्हरेजवर पाठवला आणि त्याचा गुडघा गेला तर सोमवारी पत्रकारांसमोर कोण उभा राहतो? वेळेचंही तसंच. अंगावर पूर्ण पॅड घालून सराव हंगामात फक्त १४ वेळा करता येतो, लीग आणि खेळाडूंच्या करारातच तसं आहे. त्यातले किती मिनिटं पंट प्रोटेक्शनला मिळतात, यावरून हेड कोचला ही युनिट्स खरोखर किती प्यारी आहेत ते कळतं. जॉन हार्बॉ स्वतः ईगल्सचे स्पेशल टीम्स कोच होते, त्यामुळे पुढे बाल्टिमोरचे हेड कोच असताना त्यांना हे कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

किकऑफचं सांगतो. २०२४पासून किकर आपल्या ३५ यार्डवरून मारतो, पण त्याचे दहा साथीदार समोरच्यांच्या ४० यार्डवर उभे. अडवणारे त्यांच्यापुढे पाच-दहा यार्डांवर. बॉल जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत हे कुणी हलायचं नाही. बॉल गोल लाइन आणि २० यार्डच्या मधल्या पट्ट्यात पडायला हवा. त्या पट्ट्याच्या अलीकडे पडला तर त्यांना बॉल थेट ४०वर. उडत एंड झोनमध्ये (गोल लाइनच्या मागे) गेला तर २०२४मध्ये ३०वर मिळायचा, २०२५पासून ३५वर. त्या पाच यार्डांमुळे नुसता लांब मारून मोकळं होणं महाग पडायला लागलं, म्हणून रिटर्न एवढे वाढले.

याचा रोस्टरवर परिणाम होतोच. आधी चाळीस यार्ड सुसाट पळत येणारा हलका पोरगा चालायचा. आता पळायला जागाच नाही, दोन पावलांत समोरच्याला हात लावायचा, त्याला झटकून बॉलकडे वळायचं. म्हणजे जाडजूड लाइनबॅकर आणि टाइट एंडला भाव. पंटवर मात्र गनर अजूनही हलका आणि वेगवानच लागतो. दोन्ही कामं करणारा एकच माणूस मिळणं अवघड झालंय, आणि जागा तर ४८च्या ४८.

बघायचं कसं? किकऑफला बॉल सोडा, रिटर्नरसमोरची दुहेरी भिंत बघा. दोघं मिळून एकाला ढकलतात त्या बाजूला वाट फुटते. पंटला स्नॅपआधी पंटरच्या पुढे उभा असलेला पर्सनल प्रोटेक्टर बघा. तो बोटं करत, ओरडत कोण कुणाला धरणार ते ठरवत असतो. स्नॅपला पाऊण सेकंद, स्नॅपपासून पायापर्यंत दोन सेकंदांच्या आसपास. माझ्या घड्याळात २.२ दिसायला लागले की मी खुर्चीच्या कडेला येतो.

---

लॅम्बो_वारकरी

एवढं सगळं खरं, पण ब्लॉक आपणही करतो की. नोव्हेंबर २०२४, शिकागो, आपल्या कार्ल ब्रूक्सचा हात, २०-१९ने जिंकलो. तो नुसता नशिबाचा भाग म्हणायचा का?

---

चौथा_डाउन

नाही हो. शिकागोचा किकर सँटोस, त्याची किक खालून जाते हे आपल्या लोकांनी आधीच्या सामन्यांच्या फिल्मवर हेरलं होतं, म्हणून मधून रेटा दिला. ब्रूक्स डिफेन्सिव्ह लाइनमन आहे, सहाव्या फेरीत घेतलेला. त्याच्यासारखा जाड माणूस फील्ड गोल ब्लॉकला पूर्ण जोर लावतो की त्या एका स्नॅपला श्वास घेतो, हे त्याच्या कोचने त्याला काय सांगितलंय त्यावर ठरतं. बहुतेक संघांत ती विश्रांतीचीच जागा असते.

मीराताई, पुढच्या ऑगस्टमध्ये एक करा. प्रीसीझनचे (हंगामाआधीचे) तीन सामने असतात, तिसऱ्याच्या उत्तरार्धात सगळे टीव्ही बंद करतात. तेव्हा पंट कव्हरेजला कडेला कोण उभा आहे त्याचा नंबर टिपून ठेवा. मग रोस्टर ९०वरून ५३वर येतो त्या दिवशी तो नंबर राहिला की गेला ते बघा. त्याच्याऐवजी कधीच न खेळणारा सहावा रिसीव्हर ठेवला असेल, तर कोऑर्डिनेटर कुणीही असो, त्या वर्षी मी तरी फार आशा ठेवत नाही.