स्क्रीनवर फोटो मस्त, प्रिंट मात्र काळपट आणि पिवळट. मॉनिटर कॅलिब्रेट नक्की कसा करायचा?

उजेडवेडी

नमस्कार मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून इथे विचारतेय. दोनेक वर्षं फोटो एडिट करतेय, आधी सगळं स्क्रीनपुरतंच असायचं त्यामुळे काही जाणवलं नाही. आता एका ओळखीच्या कुटुंबाचे फोटो काढले, अल्बमसाठी चाळीस प्रिंट काढायला दिल्या आणि हातात आल्यावर पोटात गोळाच आला. सगळ्या काळपट. आजींचा एक फोटो आहे, अंगावर काळी शाल, माझ्या स्क्रीनवर त्या शालीच्या घड्या एकेक मोजता येतात आणि प्रिंटमध्ये तिथे नुसता काळा ठिपका. वर चेहरे पण पिवळट झालेत, कावीळ झाल्यासारखे. लॅबवाले म्हणतात फाइल जशी आली तशी छापली, आम्ही काहीच केलं नाही. फोनवर बघितलं तर तिथेही चेहरे थोडे पिवळेच दिसतायत, म्हणजे बहुतेक माझ्याच मॉनिटरचा घोळ आहे.

मॉनिटर २४ इंची आयपीएस, खोक्यावर ९९ टक्के एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं ठरलेलं स्टँडर्ड) लिहिलंय, ब्राइटनेस ८० वर, मोड व्हिव्हिड. विंडोजमध्ये ते स्लायडर हलवून कॅलिब्रेट करायचं असतं ते दोनदा केलं, दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी आलं. मीटर (स्क्रीनवर लटकवून रंग आणि उजेड मोजायचं यंत्र) घ्यावाच लागतो का, की डोळ्यांनी जमण्यासारखं आहे? त्या आजींना अल्बम नीट द्यायचाय हो, त्यांचा तो फोटो सगळ्यात चांगला आलाय.

राखाडी१८

ताई, आधी एक करा. ती शालीची प्रिंट घेऊन दिवसा खिडकीपाशी जा, भरपूर उजेडात बघा. घड्या थोड्या तरी दिसायला लागल्या तर डिटेल कागदावर आलेलं आहे, आणि घोटाळा रंगाच्याही आधी ब्राइटनेसचा आहे. प्रिंट काळी आली म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचं दुखणं हेच निघतं असं मला इतक्या वर्षांत दिसलंय.

कारण साधं आहे. कागद स्वतः उजेड देत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड परत फेकतो तेवढाच. मॉनिटर मागून दिवा लावून बसलेला असतो. एसआरजीबीचं स्टँडर्ड १९९९ साली छापून आलं तेव्हा त्यात स्क्रीनचा पांढरा ८० निट्स (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) धरला होता आणि खोली चांगली अंधुक, ६४ लक्स (लक्स म्हणजे खोलीत पडणाऱ्या उजेडाचं माप). आत्ताचे साधे मॉनिटर फुल ब्राइटनेसला २५०-३०० निट्स सहज देतात आणि दुकानात उठून दिसावेत म्हणून येतानाच वर चढवलेले असतात. म्हणजे तुम्ही मॉनिटरचा ब्राइटनेस ८० वर ठेवून एडिट करताय तेव्हा सावलीतलं सगळं आयतंच उजळलेलं दिसतंय, मग तुमचा हात एक्स्पोजर वाढवायला जातच नाही, उलट थोडं कमीच करता. लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) त्या शालीवर कर्सर ठेवा आणि हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख असतो त्याखाली आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) टक्के वाचा. दोन-तीन टक्के दिसले तर समजा की फाइलच काळी आहे, स्क्रीन तुम्हाला खोटं सांगत होती. आकडे बघायची सवय लावून घ्या, मॉनिटर कितीही बिघडला तरी आकडा बदलत नाही.

मीटर नसेल तोवर निदान एवढं करा, व्हिव्हिड मोड आजच्या आज काढा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा पांढरा कागद धरा, ज्या उजेडात प्रिंट बघणार त्याच उजेडात, आणि दोन्ही पांढरे सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बहुतेक २० ते ३० च्या आसपास थांबाल आणि पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. वाटू द्या.

काटेकोर

राखाडी१८ यांना अनुमोदन, ब्राइटनेसचं शंभर टक्के तेच. पण ताई, चेहरे पिवळे आलेत ते वेगळं आणि ते डोळ्यांनी सुटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मॉनिटरचा पांढरा बहुतेक निळसर आहे. व्हिव्हिड मोडमध्ये तसंच करतात, निळसर पांढरा जास्त स्वच्छ वाटतो ना. तुम्ही त्या निळसर स्क्रीनवर चेहरे बघितलेत, ते थंड वाटले, म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतला पांढरा थंड की उबदार ते ठरवणारा स्लायडर) थोडा पिवळ्याकडे सरकवलात आणि तो पिवळा फाइलमध्ये जाऊन बसला. फोनवर आणि प्रिंटवर तोच दिसतोय. आणि हे लक्षात का येत नाही, तर डोळा दोन मिनिटांत समोरच्या पांढऱ्याला पांढरा मानून मोकळा होतो. विंडोजच्या स्लायडरचं दोनदा वेगळं आलं ते पण त्यामुळेच, सकाळी डोळा वेगळा असतो आणि रात्री दिव्याखाली वेगळा. ते टूल वाईट नाहीये पण त्यात मोजणारं यंत्र तुमचा डोळा आहे आणि डोळा मोजत नसतो, तो फक्त तुलना करतो. त्यामुळे हो, रंगासाठी मीटर लागतोच. पण विकतच घ्या असं नाही, वर्षातून पाच-सहा वेळा लागणारी वस्तू आहे, कुणाकडे असेल तर दोन दिवस मागून आणा.

आता दोन शब्द वेगळे करून घ्या, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरला ठरलेल्या जागी आणणं, पांढरा कुठला, किती उजळ, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) किती. प्रोफाइल म्हणजे एवढं करूनही हा मॉनिटर नक्की कुठला लाल, कुठला हिरवा दाखवतो याची लेखी नोंद, ती आयसीसी फाइल. लाइटरूम, फोटोशॉप ती नोंद वाचतात आणि त्याप्रमाणे रंग सुधारून पाठवतात. जो प्रोग्राम वाचत नाही त्याला प्रोफाइल असून नसून सारखंच.

करताना असं करा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, जे जे आपल्या मनाने उजेड बदलतं ते सगळं बंद, यातलं एक जरी चालू राहिलं तरी सगळी मेहनत पाण्यात. मॉनिटरच्या मेनूत युजर किंवा कस्टम मोड घ्या, एसआरजीबी मोड नको कारण त्यात बऱ्याच मॉनिटरवर ब्राइटनेसच लॉक असतो. टार्गेट डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा पांढरा (आकडा जितका जास्त तितका पांढरा निळसर), गॅमा २.२, उजेड १०० ते १२० निट्स. सॉफ्टवेअर मीटरसोबत येतं ते चालेल, नाहीतर डिस्प्लेकॅल फुकट आहे, ते आर्जिल सीएमएस या मोजणीच्या प्रोग्रामवर चालतं आणि तिथे जास्त गोष्टी आपल्या हातात राहतात. डिस्प्लेचा प्रकार विचारेल, त्यात साधा व्हाइट एलईडी की वाइड गॅमट (जास्त भडक रंग दाखवू शकणारा) हे नीट बघून निवडा, मीटरचे फिल्टर प्रत्येक बॅकलाइटला सारखे वागत नाहीत. मीटर लटकवल्यावर स्क्रीन किंचित मागे कलती करा म्हणजे तो सपाट टेकेल, आणि खोलीतला दिवा बंद.

सुरुवातीला ते तुम्हाला लाल, हिरवा, निळा याच्या तीन पट्ट्या दाखवेल. त्या मॉनिटरच्याच मेनूतून जुळवा, आरजीबी गेन असतो तिथे. हा टप्पा कंटाळा करून सोडू नका. इथे जेवढं जुळेल तेवढं ग्राफिक्स कार्डला कमी ओढावं लागतं, नाहीतर आठ बिटमध्ये (प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत) ओढाताण झाली की आकाशात पट्टे पडतात. गेन वाढवू मात्र नका, जो जास्त आहे तो कमी करा.

अंधारखोली

एक राहिलं. मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय का? असेल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल म्हणजे ०-२५५ आहे ना बघा. कधी कधी कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून १६-२३५ पाठवतं, मग काळा राखाडी दिसतो आणि आपण सावल्या अजून गडद करत बसतो. मी स्वतः यात तीन महिने घालवलेत आणि त्या काळातले सगळे एडिट नंतर परत करावे लागले. मीटर लावायच्या आधी हे बघा, नाहीतर चुकीच्या सिग्नलवरच कॅलिब्रेट होईल.

आणि लॅबकडून त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल मागून घ्या. ते सॉफ्ट प्रूफसाठी (छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघायला) असतं, लाइटरूममध्ये डेव्हलपमध्ये एस दाबलं की चालू होतं. ते प्रोफाइल विंडोजमध्ये मॉनिटरचं प्रोफाइल म्हणून लावू नका, मॉनिटरचं वेगळं आणि कागदाचं वेगळं. ही चूक इतके जण करतात की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उजेडवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. चार दिवस लागले म्हणून उशिरा लिहितेय.

खिडकीपाशी घड्या दिसल्या, अगदी पुसट, पण आहेत. शालीवर कर्सर ठेवला तर दोन टक्के, काही ठिकाणी एक. रेंज बघितली, ती फुलच होती. मग एका मैत्रिणीकडून मीटर आणला. व्हिव्हिडमध्ये आधी नुसतं मोजून बघितलं तर २८७ निट्स आणि ७४०० केल्विन. काटेकोर दादा, तुम्ही निळसर म्हणालात ते अगदी तस्संच निघालं. कस्टम मोडमध्ये ब्राइटनेस १९ वर आणल्यावर ११० निट्स मिळाले, निळा १०० वरून ८४ आणि हिरवा ९५ केला तेव्हा तिन्ही पट्ट्या एका रेषेत आल्या. शेवटी डेल्टा ई (हवा तो रंग आणि मोजलेला रंग यातला फरक) सरासरी ०.८, सगळ्यात जास्त २.१ गडद निळ्यावर. हे बरं आहे ना?

पहिल्या दिवशी स्क्रीन इतकी पिवळी वाटली की काहीतरी चुकलंय म्हणून मी परत सगळं मोजलं, तेच आकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी वाटलीच नाही. मग आधीचे एडिट उघडले आणि काय सांगू, चेहऱ्यांचा पिवळेपणा पहिल्यांदा माझा मलाच दिसला. दोन वर्षं मी असेच फोटो लोकांना देत होते याचं फार वाईट वाटलं.

आता दोन अडचणी. एक, लाइटरूममधला फोटो आणि साध्या फोटो व्ह्यूअरमधला फोटो यात लाल रंग थोडा वेगळा दिसतोय, कुठला खरा? दोन, लॅपटॉप पण त्याच मीटरने कॅलिब्रेट केला, दोन्हीकडे ६५०० केल्विन आणि ११० निट्स, तरी शेजारी ठेवले की लॅपटॉपचा पांढरा किंचित गुलाबी वाटतो. आता यात माझं काय चुकलं?

काटेकोर

०.८ उत्तम आहे. १ च्या खालचा फरक डोळ्याला जवळपास कळत नाही, गडद निळ्यावरचे २.१ सोडून द्या.

पहिल्याचं उत्तर, लाइटरूम खरं. कॅलिब्रेशनचा जो भाग ग्राफिक्स कार्डमध्ये लोड होतो तो सगळ्या प्रोग्रामना लागू होतो, म्हणून पांढरा आणि राखाडी दोन्हीकडे सारखा असेल बघा. पण भडक रंग सुधारायला प्रोफाइल वाचावं लागतं आणि तुमचा व्ह्यूअर ते वाचत नाहीये. आणि एक, कॉम्प्युटर स्लीपमधून उठला की कधी कधी तो लोड झालेला भाग उडून जातो. पांढरा अचानक बदललेला वाटला तर आधी ते तपासा, डिस्प्लेकॅलचा लोडर मागे चालू ठेवला की तो परत बसवतो.

दुसऱ्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. दोन स्क्रीनचे बॅकलाइट वेगळ्या स्पेक्ट्रमचे आहेत, म्हणजे त्यांच्या उजेडातलं रंगांचं मिश्रण वेगळं आहे. मीटरचे आकडे १९३१ साली ठरवलेल्या एका सरासरी डोळ्याच्या हिशोबाने येतात आणि तुमचा डोळा तंतोतंत तसा नाही, कुणाचाच नसतो. त्यामुळे आकडा सारखा येऊनही रंग थोडा वेगळा दिसतो. यावर औषध म्हणजे लॅपटॉपचा पांढरा डोळ्यांनी मॉनिटरशी जुळवायचा, आणि तोही वेळ नसेल तर एडिट करताना दुसरी स्क्रीन समोर ठेवायचीच नाही.

राखाडी१८

मी अजून एक सुचवतो, चाळीसच्या चाळीस लगेच छापायला देऊ नका. पाच निवडा, त्यात शालीचा हवाच, एक उन्हातला, एक चेहरा जवळून. सावल्यांचे आकडे बघून निदान सहा-सात टक्क्यांपर्यंत उचला, एसआरजीबीमध्ये एक्स्पोर्ट करा, प्रोफाइल फाइलमध्ये असू द्या. आणि लॅबला सांगून ठेवा की त्यांच्याकडचं ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर चूक कुणाची ते कधीच कळणार नाही.

उजेडवेडी

पाच प्रिंट आज आल्या. शालीची प्रिंट टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली, खिडकी नाही काही नाही, तरी घड्या दिसतायत. खांद्यावरून खाली येणाऱ्या तिन्ही, आणि कडेला जिथे शाल थोडी विरलीय ते सुद्धा. ते विरलेलं तर मी स्क्रीनवरही कधी नीट बघितलं नव्हतं. चेहरा जसा आहे तसा आलाय. स्क्रीनपेक्षा प्रिंट अजून अर्ध्या पावलाने गडद वाटते, पण दिवा थोडा जवळ आणला की जुळते, म्हणून मॉनिटर ११० वरून १०० वर आणलाय.

लॅपटॉप मिटून कपाटात ठेवलाय. उरलेले पस्तीस आज रात्री परत एडिट करायला घेतेय, रविवारपर्यंत अल्बम द्यायचा आहे.