कोरकूची वाक्यरचना: प्रश्नावलीने सुरुवात करावी का?

प्रश्न: मेळघाटात कोरकू या आदिवासी भाषेच्या वाक्यरचनेचा अभ्यास सुरू करायचा आहे. मराठी वाक्ये देऊन त्यांची भाषांतरे मागितली, तर पुरेसे होईल का?

उत्तर १: शब्दसंग्रहासाठी चालेल, वाक्यरचनेसाठी मात्र जपून, कारण सांगणारा बहुधा द्विभाषिक असतो आणि तुमच्या वाक्याचाच शब्दक्रम नकळत उचलतो. आधी गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात, मग त्यांतलीच वाक्ये थोडी बदलून ‘असे म्हणता येईल का?’ असे विचारावे.

उत्तर २: सहमत. शिवाय कोरकू मुंडा भाषाकुळातली असल्याने तिच्यात द्विवचन, म्हणजे दोघांसाठीचे वेगळे रूप, आहे, जे मराठी प्रश्नावलीतून सहज निसटते. ‘दोन माणसे आली’ आणि ‘तीन माणसे आली’ ही वाक्ये वेगवेगळी विचारावीत.

उत्तर १: आणि पाहुण्याला दुखवू नये म्हणून लोक ‘हो’ म्हणतात, तेच वाक्य दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला विचारावे.